आमच्या कॉलेजचे 'चमत्कारवाले': तीन वर्षं आत राहून लिहिलेला रिव्ह्यू

ॲडमिशन चालू झाल्यात आणि गावाकडच्या ग्रुपवर दोन-तीन पोरींनी विचारलंय की ताई, तुमच्या कॉलेजातलं ते चमत्कारवाल्यांचं मंडळ जॉइन करावं का, मार्क मिळतात का, घरी कळलं तर काय होतंय. एकेकीला व्हॉइस नोट पाठवत बसायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहून टाकते. बी.एस्सी. केमिस्ट्रीची तीन वर्षं या मंडळात काढली, त्यात एक वर्ष खजिनदार होते (खजिना म्हणजे श्रीखंडाचा रिकामा डबा), आणि आता निकाल लागून बाहेर पडले त्यामुळे कुणाची भीड नाही. कॉलेजचं नाव घेणार नाही, कोल्हापुरातलं आहे एवढं बास.

मंडळाचं रजिस्टरवरचं नाव लांबलचक आहे, त्यात विवेक पण आहे, विज्ञान पण आहे आणि संविधान पण, पण कँटीनवाल्या मामांपासून ऑफिसातल्या मॅडमपर्यंत सगळे चमत्कारवालेच म्हणतात. ही अंनिसची, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीची, शाखा नव्हे हां. अंनिसचं कॉलेजातलं काम विवेकवाहिनी नावाने चालतं, आमचं मंडळ कॉलेजचं स्वतःचं, पण शिबिरात शिकवायला अंनिसचे कार्यकर्ते यायचे त्यामुळे पद्धत बरीचशी तीच. पहिल्याच मीटिंगला सरांनी सांगितलं की देव मानता का नाही हे इथं कुणी कुणाला विचारणार नाही, देवाच्या नावावर कुणी फसवत असेल, लुबाडत असेल तर तिथं आपण बोलायचं. त्यामुळे आमच्यात आषाढीला पायी जाणारा एक पोरगा होता, रोजे धरणारी एक होती, मी स्वतः नवरात्रात उपवास करते ते करतच होते, आणि दोन पक्के नास्तिक होते जे सगळ्यांचं सगळ्यात जास्त डोकं खायचे. त्यांच्याबद्दल पुढे येतेच मी.

रेटिंग आधी सांगते, पाचपैकी साडेतीन. वर्गणी वर्षाला ५० रुपये, मार्क शून्य, सर्टिफिकेट मागितलं तर सर लेटरहेडवर लिहून देतात पण त्याचा कुठं उपयोग झालेला मला माहीत नाही. एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजना) निदान मार्क तरी असतात. त्यामुळे जुलैत चाळीस जणं येतात आणि दिवाळीनंतर बारा उरतात, हे दरवर्षीचं ठरलेलं.

मंडळाचा फेमस आयटम म्हणजे चमत्काराचे प्रयोग, आणि माझ्या मते सगळ्यात ओव्हररेटेड आयटम पण तोच. जिभेवर पेटता कापूर, लिंबातून रक्त, मंत्राने पेटणारा नारळ. लिंबाचं असं असतं की सुरीला आधी मिथाइल ऑरेंज फासून वाळवलेलं असतं, लिंबातलं आम्ल लागलं की ते लालभडक होतं. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी टाकून कुंकवासारखा रंग आणायचा तो तर आपल्या आज्या पण करतील. नारळाच्या शेंडीत पोटॅशियम परमँगनेट दडवलेलं असतं आणि तूप म्हणून वर ओततो ते ग्लिसरीन असतं, थोडा वेळ गेला की आपोआप पेट घेतं. शिबिरात शिकवायला आलेल्या काकांनी एक गोष्ट मात्र कडक बजावली होती, की हातात ठेवलेलं नाणं गरम करायचा प्रयोग आपण करायचा नाही, त्यात मर्क्युरिक क्लोराइड लागतं आणि ते विष आहे, बुवा लोकांना पोरांच्या जिवाचं काय पडलेलं नसतं, आपल्याला आहे. हे मला आवडलं होतं.

आता माझी फजिती सांगते. जानेवारी महिना, एका शाळेचं पटांगण, सकाळी आठ, थंडी अशी की स्टेजवरच्या पाहुण्यांनी पण मफलर काढलेला नाही. मी भगवी शाल पांघरून बुवा झालेले. ग्लिसरीन थंडीने काकवीसारखं घट्ट झालेलं आणि परमँगनेटची पूड करायचं काम ज्या फर्स्ट इयरच्या पोराला दिलं होतं त्यानं खडे तसेच कोंबलेले, म्हणे आत दिसतंय कुणाला. मी मंत्र म्हणून आवर्तसारणी म्हणत होते, हायड्रोजन हेलियम लिथियम बेरिलियम असं डोळे मिटून, कॅल्शियमपर्यंत पोचले तरी नारळ ढिम्म. परत पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या फेरीला सोडियमपाशी पहिल्या रांगेतला एक बारका पोरगा उठून म्हणाला, बाई काडेपेटी आणू का? सगळी शाळा हसली. मी नारळ ताटलीत ठेवला, शाल काढली, माईक हातात घेऊन मुलांनो कधी कधी प्रयोग फसतो असं म्हणायला लागले आणि मागनं भक्कन पेटला. टेबलावरचं शाळेच्या ऑफिसातनं आणलेलं कापड जळालं, त्याचे १८० रुपये श्रीखंडाच्या डब्यातनं गेले.

पण खरी गोष्ट त्याच्यानंतरची. आम्ही सामान आवरत होतो तेव्हा शाळेत खिचडी करणाऱ्या दोन मावश्या आल्या आणि त्यातली एक माझा हात हातात घेऊन म्हणाली, बाई तुमच्या हाताला गुण हाय, जरा उशिरा पेटला पण पेटला. मी अर्धा तास उभं राहून हे रसायन आहे म्हणून सांगितलेलं, फळ्यावर लिहिलेलं, बाटल्या दाखवलेल्या, तिला दिसला तो पेटलेला नारळ. मला हसू पण आलं आणि पोटात खड्डा पण पडला. सरांना सांगितलं तर ते म्हणाले म्हणून प्रयोग आपण करायचाच नाही, समोरच्याला करायला लावायचा. पुढच्या शाळेपासून आम्ही लिंबू आणि सुरी पोरांच्या हातात द्यायला लागलो, त्यात शो म्हणून मजा कमी, टाळ्या पण कमी, पण निदान कुणी माझे हात धरले नाहीत. मंडळातल्या पोरांना मात्र अजून शालवालाच कार्यक्रम पाहिजे असतो कारण त्याचं रील चांगलं होतं.

कायद्याचं जे शिकवलं जातं ते मात्र पैसे वसूल. जादूटोणाविरोधी कायदा असं सगळे म्हणतात पण त्याचं खरं नाव एका दमात म्हणून दाखवायची आमच्यात पैज लागायची, नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा इथंच निम्म्यांचा श्वास संपायचा. अंनिसचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी अठरा वर्षं झटले, २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या, त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात नेऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे हे मला कॉलेजात येईपर्यंत माहीत नव्हतं, आणि माझ्या गावात चारी बाजूला ऊस आहे म्हणजे साप काय असतो ते मला सांगायला नको.

आम्ही हा कायद्याचा तक्ता घेऊन गावोगावी जायचो. प्रत्येक गावात एक काका उभे राहतातच आणि विचारतात मग आता वारी पण बंद करणार काय तुम्ही, कीर्तन पण बंद करणार काय. तेव्हा उत्तर द्यायला आमचा आषाढीवाला पोरगा पुढे. वारी, कीर्तन, प्रदक्षिणा, यात्रा यांना हा कायदा लागू नाही हे कायद्यातच लिहिलेलं आहे, तो ते कलम वाचून दाखवायचा आणि वर आपण किती वर्षं चालत जातोय ते सांगायचा. काका खाली बसायचे. एका पोलीस ठाण्यात मात्र गंमत झाली, आम्ही विचारलं या कायद्याखाली दक्षता अधिकारी कोण आहेत हो इथं, तर समोरच्या हवालदारांनी आम्हालाच बसवून घेतलं आणि काय काय आहे ते सांगा म्हणाले, चहा पण पाजला. चांगलं वाटलं का वाईट ते अजून ठरवता आलेलं नाही.

ॲडव्होकसी ॲडव्होकसी म्हणतात, म्हणजे आपला विषय लोकांपुढे लावून धरणं, त्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे पहाटे उठणं, असं मी जॉइन करणाऱ्याला आधीच सांगते. कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरेंना १६ फेब्रुवारी २०१५ ला इथंच, आपल्या सागरमाळला, सकाळी फिरून येताना गोळ्या घातल्या, २० तारखेला ते गेले. तेव्हापासून कोल्हापुरात निर्भय मॉर्निंग वॉक काढतात. आम्ही त्याला जायचो म्हणजे होस्टेलच्या मुलींनी आदल्या दिवशी रेक्टर मॅडमची सही आणायची, कारण काय लिहायचं तर व्यायाम. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं घोषणा असतील, जोश असेल. घोषणा होत्या, आम्ही सारे पानसरे वगैरे, पण बरीचशी साठी-सत्तरीची माणसं होती, स्वेटर आणि कानटोप्या घालून हळूहळू चालणारी, आणि आम्ही पोरं त्यांच्या मागनं. एका आजोबांनी मला विचारलं तू कुठल्या गावची, मग गावातल्या कुणाकुणाची चौकशी केली, मी म्हटलं यांना घाबरून कुणी गोळ्या घालतंय होय. १० मे २०२४ ला पुण्याच्या कोर्टाचा दाभोलकर खुनाचा निकाल आला, दोघांना जन्मठेप, तिघं निर्दोष सुटले. आमची परीक्षा चालू होती तरी संध्याकाळी सगळे मंडळाच्या खोलीत जमलो होतो. गोळ्या घालणारे सापडले, पण सूत्रधार कोण ते अकरा वर्षांनी पण कळत नाही यावर सगळे चिडलेले. त्या दिवशी भाषण कुणी केलं नाही, सरांनी पण नाही, हे विशेष कारण सरांना भाषण आवडतं.

२६ नोव्हेंबरला संविधान दिनाचं संविधानाच्या प्रास्ताविकेचं वाचन गेटवर होतं. दरवर्षी कुणीतरी येतंच भांडायला की धर्मनिरपेक्ष हा शब्द आंबेडकरांनी घातलाच नव्हता. बरोबर आहे की, ४२ व्या दुरुस्तीने १९७६ ला आला, आमच्या मंडळात पण निम्म्यांना हे माहीत नसायचं आणि मग ते लाल होऊन ओरडायचे, नाही होताच शब्द म्हणून. सरांनी त्यावर सुचवलं की आधी त्याचं खरं आहे ते मान्य करा आणि मग त्याला कलम २५ ते २८ वाचायला द्या, ती पहिल्यापासून आहेत, शब्द नंतर आला, गोष्ट आधीपासून होती. २०२४ ला तर आमच्या वाचनाच्या आदल्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने हा शब्द काढा म्हणणाऱ्या याचिका फेटाळल्या, त्यामुळे त्या वर्षी भांडायला कुणी आलं नाही आणि जरा चुकल्यासारखं झालं.

गणपतीचं काम सगळ्यात दमवणारं, पण मला सगळ्यात जास्त शिकवलं त्यानंच असं म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे घरचे गणपती गौरीबरोबर जातात, त्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर दुपारपासून रात्रीपर्यंत उभं राहायचं, निर्माल्य वेगळं घ्यायचं, मूर्ती काहिलीत, म्हणजे पाणी भरलेल्या मोठ्या कढईत, बुडवून घ्यायला सांगायचं. पहिल्या वर्षी आमच्या बॅनरवर 'मूर्ती दान करा' होतं. एक आजी नातवाला घेऊन आलेल्या, त्यांनी बॅनर वाचला आणि मला म्हणाल्या, देव काय जुनी कापडं हायत व्हय गं दान करायला? मला काय बोलावं कळेना. खरंच की, दान कुणाला करतोय, कशाचं करतोय. मी म्हटलं आजी दान राहू दे, तुम्ही इथं आरती करा, काहिलीत तीनदा बुडवा, पुढचं आम्ही बघतो, नदीत गेला तर उद्या त्याचे हातपाय असेच काठावर पडणार, ते तुम्हाला बघवणार काय. त्यांनी बुडवला, रडल्या थोडं, आणि मला प्रसाद दिला, खिरापत. पुढच्या वर्षी बॅनर बदलून घ्यायला मी मीटिंगमध्ये तासभर भांडले. आमचे दोन नास्तिक म्हणत होते की भावना कुरवाळत बसलो तर प्रबोधन कधी करणार. मी म्हटलं तुम्ही घाटावर किती वाजता आला होता? दोघंही सातला आले होते, फोटोच्या वेळी.

केमिस्ट्रीवाल्यांसाठी एक बोनस म्हणजे प्लास्टरच्या मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवायची पद्धत, पुण्याच्या एनसीएलने, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, काढलेली. बेकरीत वापरतात तोच पदार्थ. आम्ही लॅबच्या मागच्या व्हरांड्यात तीन पिंपं मांडली होती, दोन दिवस ढवळत बसायचं, अमोनियाचा असा भपकारा की डोळ्यातनं पाणी आणि शेजारच्या बॉटनीच्या मॅडमची तक्रार. खाली चुनखडीसारखा गाळ बसतो आणि वरचं पाणी म्हणजे अमोनियम सल्फेट, म्हणजे खतच. ते आम्ही कॉलेजच्या बागेला घातलं. माळीमामांनी आधी नाही म्हणून सांगितलं आणि महिन्याने परत मागायला आले.

आता ज्याच्यासाठी मी साडेतीन स्टार देतेय ते सांगते, नाहीतर दोनच दिले असते.

माझं गाव गडहिंग्लजच्या पलीकडे, कर्नाटकची हद्द जवळ. माझ्या मोठ्या आईला, म्हणजे थोरल्या चुलतीला, नऊ वर्षांपासून जट होती, म्हणजे डोक्यावर केसांचा न सुटणारा गुंता. सौंदत्तीच्या आईनं, म्हणजे यल्लम्मा देवीनं, बोलावलंय असं सगळ्यांनी ठरवलं, हळदकुंकू भंडारा लावून जटेची पूजा व्हायची, मंगळवारी-शुक्रवारी बायका पाया पडायला यायच्या. आणि मोठी आई कुणाला न सांगता मान धरून बसायची. झोपताना एका कुशीवरच झोपायची. पावसाळ्यात जट वाळायची नाही, वास यायचा, लग्नाकार्यात ती स्वतःच मागं जाऊन बसायची. दुसऱ्या वर्षी शिबिरात अंनिसच्या एका ताईंनी जटेबद्दल सांगितलं, केस न विंचरता, घाम, धूळ, तेल, वर भंडारा बसून गुंता होतो, तो कापायला भीती वाटते म्हणून वाढत जातो, बाकी काही नाही, आणि मी मागच्या बाकावर बसून इतकी रडले की पोरी घाबरल्या. नंतर ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या येते मी, पण घरी आधी सांगून ठेव की कापायला नाही येत, बोलायला येतेय.

तीनदा आल्या त्या. एसटीनं, गडहिंग्लजला गाडी बदलून. पहिल्यांदा जटेचा विषयच काढला नाही, भाकरी खाल्ली, मोठ्या आईची मान दुखते त्याबद्दल बोलल्या, गेल्या. मला वैताग आला, म्हटलं एवढं लांबनं येऊन हे काय. दुसऱ्यांदा मोबाइलवर फोटो दाखवले, कापलेल्या बायकांचे, आधीचे आणि नंतरचे. मोठी आई प्रत्येकीचं एकच विचारत होती, हिच्या घरात काय वाईट झालं नाही न्हवं? ताईंनी एकदा पण असं होतच नसतं म्हणून झटकलं नाही. एका बाईला फोनच लावून दिला, त्या बाई स्पीकरवर म्हणाल्या, अक्का काय होत न्हाई, मी तर आता मानेखाली उशी घेऊन झोपते. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मोठी आई सकाळीच न्हाऊन बसलेली. काका म्हणाले, आई कोपली तर तुम्ही बघणार हाय काय? ताई म्हणाल्या, मी माझा नंबर देऊन जाते, काय झालं तर आधी मला फोन करा, मी येते. बस एवढंच.

दोन साध्या कात्र्या, एक बोथट झाली म्हणून दुसरी. मुळाशी बोट घालून कातडी लागत नाही ना बघत बघत पाऊण तास लागला. कापल्यावर मोठी आई मान डावीकडे फिरवत होती, उजवीकडे फिरवत होती, परत डावीकडे, काही बोलत नव्हती, नुसतं फिरवत होती. शेजारची पोरगी भाजीचा काटा घेऊन आली, सव्वा किलो भरली जट.

आता मजा ऐका. मोठी आई म्हणाली ही नदीत सोडायची. आमच्या त्या दोन नास्तिकांपैकी एक माझ्याबरोबर आला होता, तो लगेच चालू झाला, म्हणे हे म्हणजे परत तेच, उकिरड्यावर टाका, नाहीतर अर्थ काय या सगळ्याचा. आणि मी पण अवघडले, कारण पाच महिन्यांपूर्वी मीच घाटावर उभी राहून नदीत काही टाकू नका म्हणून ओरडत होते. ताईंनी त्याला बाहेर नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, त्यांचे केस आहेत, नऊ वर्षं त्यांनी डोक्यावर वागवलेत, कुठं ठेवायचे ते तू सांगू नको. मग मोठ्या आईलाच विचारलं, नदीशिवाय कुठं चालेल. ती बराच वेळ विचार करून म्हणाली बांधाला, शेवग्याखाली. पिवळ्या फडक्यात गुंडाळून काकांनी खड्डा काढला. नारळ पण फोडला, आणि त्या पोरानं तो प्रसाद खाल्ला, मी बघितलंय.

हे असलं काम या मंडळात शिकायला मिळतं. पण कुणाच्या लक्षात येत नाही कारण याचं रील निघत नाही, निघालं तरी काढायचं नसतं. चमत्काराच्या शोला दोनशे लोक असतात आणि ताईंबरोबर एसटीनं जायला आम्ही तिघं. हेरवाडच्या ठरावाचं पण तसंच झालं. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड, त्यांच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ ला ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद, आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या गावांनी पण असं करावं म्हणून परिपत्रक काढलं. आम्ही आपापल्या गावात हा ठराव नेऊया असं मीटिंगमध्ये सगळ्यांनी हात वर करून ठरवलं. किती जणांनी नेला? दोन. कारण गावात बोलायचं म्हणजे स्वतःच्या आजीसमोर, आत्यासमोर बोलायचं. फेसबुकवरच्या बुवाला शिव्या घालणं त्यापेक्षा लय सोपं. मी पण नेला नाही अजून, खोटं कशाला बोलू.

बाकी तक्रारी भरपूर आहेत. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायचं असेल तर मन घट्ट करून जावा, रात्री बारा वाजता कुणीतरी कुणाच्या तरी देवावर विनोद टाकतंय आणि सकाळपर्यंत दोघं ग्रुप सोडून गेलेले असतात. एका पोरीने घरी सत्यनारायण असल्याचा फोटो स्टेटसला लावला तर तिचा स्क्रीनशॉट ग्रुपवर, ती परत आली नाही. देव मानता का विचारणार नाही म्हणालेले सर ग्रुपमध्ये आहेत, पण ते मेसेज वाचत नाहीत बहुतेक. दुसरं म्हणजे समतेवर पोस्टर करणार पोरी, अक्षर चांगलं म्हणून, आणि माईकवर बोलणार पोरं. मी खजिनदार झाले तेव्हा एका सिनियर दादानं अभिनंदन करून सांगितलं की आता चहाचं तूच बघ. मी बघितलं, महिनाभर चहा बंद केला.

कॉलेजचा सपोर्ट विचाराल तर हवामानासारखा. तिसऱ्या वर्षी एक व्याख्यान आदल्या संध्याकाळी रद्द केलं, पाहुण्यांचं तिकीट झालेलं, कारण काय तर बाहेर वातावरण बरं नाही. कुणाचा फोन आला होता ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. आम्ही व्याख्यान वक्त्यांच्या परवानगीने एका मैत्रिणीच्या घराच्या गच्चीवर घेतलं, पंचवीस जण मावले, तिच्या आईनं पोहे केले. उलट उद्घाटनाला मात्र कॉलेजचा आग्रह असतो की दीपप्रज्वलन पाहिजेच, मंडळाचं म्हणणं नको, मग मधला मार्ग म्हणून रोपाला पाणी घालायचं ठरलं. सगळ्या पाहुण्यांनी घातलं, फोटो निघाले. ते रोप स्टाफरूममध्ये ठेवलं आणि दिवाळीच्या सुट्टीत वाळून गेलं. विज्ञानवाल्यांच्या हातनं रोप मेलं म्हणून वर्षभर चिडवत होते आम्हाला, आणि बरोबर होतं त्यांचं.

एक गोष्ट जी खरंच चांगली आहे आणि नवीन मुलींनी चुकवू नये ती म्हणजे 'जोडीदाराची विवेकी निवड' हे शिबिर. अंनिसच्या युवा विभागाचा उपक्रम आहे हा, आमच्याकडे दोन दिवसांचं घ्यायचे. पत्रिका, हुंडा, जात, आवड, पैसा, घरकाम, सगळं बोलतात, पोरंपोरी एकत्र बसून, आणि सुरुवातीला सगळे खिदळतात पण दुसऱ्या दिवशी दुपारी कुणी खिदळत नाही. स्पेशल मॅरेज ॲक्टला ३० दिवसांची नोटीस लागते हे मला तिथं कळलं. मला सध्या तरी गरज नाही, पण आमच्या बॅचमधल्या एका जोडीला पडली.

तर घरी कळलं तर काय होतंय, याचं उत्तर तुमच्या घरावर आहे, माझ्या घरी आधी बोंब झाली आणि आता मोठी आईच शेजारच्या गावातल्या एकीला फोनवर सांगते की काय होत न्हाई अक्का. मार्क पाहिजेत तर एनएसएसला जावा. वादविवाद करायची खाज असेल तर येऊ नका, ते दोन जण अजून एमएस्सीला आहेत, कोटा फुल आहे. मीटिंग मंगळवारी तीन वाजता, बॉटनी लॅबच्या शेजारची खोली. चावी शिपाई मामांकडे असते, ते जागेवर नसले तर अंबाबाईला गेलेले असतात, पंधरा-वीस मिनिटांत येतात, येताना सगळ्यांना पेढा आणतात.